रेनॉज आणि सप्लिमेंट : काय घेऊन बघावं, काय नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ३१. गेल्या काही हिवाळ्यांपासून गारठ्यात किंवा एसीत बसलं की दोन्ही हातांची बोटं पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. पायाच्या बोटांचंही अधूनमधून तेच. डॉक्टरांनी रेनॉज म्हणून सांगितलं, हात गरम ठेवा म्हणाले. आता एक जण मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल सुचवतोय, दुसरा जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), तिसरा नायसिन (बी३ जीवनसत्त्व), शिवाय मॅग्नेशियम आणि एल-आर्जिनिन (एक अमिनो आम्ल) आहेतच. यातलं काय घ्यावं, किती घ्यावं, आणि त्यावर भागलं तर रेनॉजवर दिल्या जाणाऱ्या बीपीच्या गोळ्या टाळता येतील का?

आधी थेट उत्तर देते. या यादीतलं एकच सप्लिमेंट मी स्वतःहून सुचवते, ते म्हणजे मासळीचं तेल. तेही ठरावीक मुदतीसाठी, आणि रेनॉज प्रायमरी, म्हणजे मागे दुसरा आजार नसलेला, असेल तरच. त्याखेरीज लोह, बी१२, ड जीवनसत्त्व यांची कमतरता तपासणीत खरोखर सापडली, तर ती भरून काढायची. बाकीच्यांपैकी काहींचा उपयोग शंकास्पद आहे, काही निरुपयोगी आहेत आणि एखाददुसरं तुमच्या बोटांना उलट त्रास देईल असं आहे. बीपीच्या गोळ्यांचं शेवटी सांगते.

पण या सगळ्याआधी एक गोष्ट नक्की झालेली हवी : तुमचा रेनॉज प्रायमरी आहे की सेकंडरी. तुमच्या प्रश्नात याचा उल्लेख नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली या आजाराचं वर्णन केलं. आज आपण त्याचे दोन प्रकार मानतो. प्रायमरीमध्ये मागे दुसरा कुठलाच आजार नसतो. तो बहुधा पंधरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो, दोन्ही हातांना सारखा होतो, अंगठा बऱ्याचदा सुटतो आणि बोटांवर जखमा होत नाहीत. त्रासदायक आहे, पण बोटांना कायमची इजा करत नाही. सेकंडरीमध्ये मागे काहीतरी असतं. स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी आणि आतले अवयव ताठ करत जाणारा आजार, हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कारण. स्क्लेरोडर्माच्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना रेनॉज असतो, आणि कित्येकांना इतर लक्षणांच्या बरीच वर्षं आधी फक्त हाच त्रास असतो. ल्युपस आणि शोग्रेन (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे आजार), थायरॉइड कमी काम करणं, वर्षानुवर्षं हादरणारी यंत्रं हातात धरून केलेलं काम, तंबाखूमुळे होणारा बर्गर्स डिसीज, ही आणखी काही कारणं.

हे ओळखायला फार मोठ्या तपासण्या लागत नाहीत. रक्ताची एएनए ही चाचणी (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे का ते सुचवणारी), सूज दाखवणारी ईएसआर, हिमोग्लोबिन, थायरॉइड. आणि नखाच्या बुडाशी असलेल्या केशवाहिन्यांची पाहणी. ही पाहणी फार कमी ठिकाणी केली जाते म्हणून जरा सविस्तर सांगते. नखाची त्वचा जिथे संपते त्या कडेवर तेलाचा एक थेंब टाकतात आणि भिंगातून, डर्मोस्कोपमधून किंवा खास सूक्ष्मदर्शकातून बघतात. निरोगी माणसात तिथे बारीक, एकसारख्या, उलट्या यू आकाराच्या केशवाहिन्या ओळीने उभ्या दिसतात. स्क्लेरोडर्माच्या वाटेवर असलेल्या बोटात त्यातल्या काही फुगून जाड झालेल्या असतात, मधल्या काही नाहीशा झालेल्या असतात आणि रक्तस्रावाचे बारके ठिपके दिसतात. एएनए निगेटिव्ह आणि या केशवाहिन्या नीट, असं दोन्ही असेल तर पुढे मोठा आजार निघण्याची शक्यता फारच कमी राहते. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर सप्लिमेंटचा विचार बाजूला ठेवा आणि संधिवाततज्ज्ञांना भेटा.

त्रास पहिल्यांदा चाळिशीनंतर सुरू झाला असेल, एकाच हाताला होत असेल, बोटाच्या टोकाला न भरणारी जखम असेल, बोटांची कातडी ताठ होऊन चिमटीत येईनाशी झाली असेल, घास अडकत असेल, चढ चढताना नव्याने धाप लागत असेल, तर हेच लागू आहे. अशा माणसाने महिनोन्‌महिने कॅप्सूल घेऊन बघण्यात वेळ घालवणं धोक्याचं आहे.

जाता जाता औषधांचंही बघून घ्या. मायग्रेनसाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल, अर्गोटामिन, ट्रिप्टान गटातल्या गोळ्या, एडीएचडीसाठीचं (एकाग्रता न होण्याच्या आजारावरचं) मेथिलफेनिडेट, सर्दीच्या गोळ्यांमधलं सूडोएफेड्रिन, या सगळ्यांनी बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. मायग्रेन आणि रेनॉज एकाच माणसात असणं नवलाचं नाही. त्यामुळे प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं आणि त्याच हिवाळ्यात बोटं पांढरी पडायला लागली, अशी हकीकत मी पुष्कळदा ऐकते. तिथे काही वाढवण्यापेक्षा ती गोळी बदलून घेणं जास्त कामाचं. मात्र ती मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांनाच विचारा.

आता बोटात नेमकं काय होतं ते बघू, म्हणजे कुठल्या सप्लिमेंटकडून काय अपेक्षा ठेवायची हे आपोआप कळेल.

बोटांची टोकं, पायाची बोटं, नाक, कान या जागा शरीराचं तापमान सांभाळण्यासाठी आहेत. तिथे रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणारे छोटे मार्ग भरपूर असतात. अंगात उष्णता जास्त झाली की ते उघडतात, थंडी वाजली की मिटतात. ही उघडझाप सिंपथेटिक (थंडीत आणि ताणात आपोआप जागे होणारे) मज्जातंतू करतात, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचं रसायन बाहेर टाकून. त्याला प्रतिसाद देणारे अल्फा-२सी नावाचे रिसेप्टर (संदेश पकडणारे रेणू) रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीत असतात. एरवी ते पेशीच्या आत असतात आणि गारवा लागला की पृष्ठभागावर येतात. रेनॉजमध्ये हा प्रतिसाद गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो. थोड्याशा गारव्याने किंवा मानसिक ताणाने वाहिनी पार मिटते. रक्त येणं थांबलं की बोट पांढरं, उरलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की निळं, आणि वाहिनी पुन्हा उघडून रक्त भरभरून आलं की लाल.

म्हणजे प्रश्न वाहिनी आवळण्याचा आहे. प्रायमरी रेनॉजमध्ये रक्त “घट्ट” झालेलं नसतं, त्यामुळे “रक्त पातळ करणारं” म्हणून जे जे विकलं जातं त्याने हा झटका थांबेल असं मानायला आधार नाही. लसणाच्या कॅप्सूल, जिंको, व्हिटॅमिन ई हे सगळं याच नावाखाली खपतं. रक्त गोठण्याची क्रिया मंदावली तरी आवळलेली वाहिनी आवळलेलीच राहते. आपल्या हाती राहतो तो फक्त रक्तस्रावाचा वाढीव धोका.

मासळीच्या तेलाचं वेगळं आहे. त्यातली ईपीए आणि डीएचए ही स्निग्धाम्लं पेशींच्या आवरणात शिरतात. तिथून तयार होणाऱ्या, वाहिनी आवळणाऱ्या थ्रॉम्बॉक्सेनचा जोर त्यामुळे कमी होतो. १९८९ साली यावर एक नीट आखलेला अभ्यास झाला. रुग्ण ३२, काही प्रायमरी, काही सेकंडरी. एका गटाला रोज १२ कॅप्सूल मासळीचं तेल, दुसऱ्याला तितक्याच कॅप्सूल ऑलिव्ह तेल, १२ आठवडे. मग हात गार पाण्यात घालून झटका यायला किती वेळ लागतो ते मोजलं. मासळीचं तेल घेणाऱ्या प्रायमरी रुग्णांना तो वेळ वाढला, आणि काहींना तर प्रयोगशाळेत झटका आणताच आला नाही. सेकंडरी रुग्णांना मात्र फायदा दिसला नाही. अभ्यास छोटा आहे हे खरं, आणि प्रयोगशाळेतलं गार पाणी म्हणजे आपला रोजचा दिवस नव्हे. तरीही या यादीत त्याच्याइतका समजण्यासारखा आणि नीट तपासलेला आधार दुसऱ्या कशालाच नाही.

आता मात्रा. इथे बहुतेक जण फसतात. त्या अभ्यासात दिवसाला ३.९६ ग्रॅम ईपीए आणि २.६४ ग्रॅम डीएचए दिलं होतं, म्हणजे दोन्ही मिळून ६.६ ग्रॅम. तुमच्या घरातली बाटली हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पुढे मोठ्या अक्षरात “१००० मिलिग्रॅम” लिहिलेलं असतं, पण ते तेलाचं वजन झालं. साध्या कॅप्सूलमध्ये त्यातलं ईपीए असतं १८० मिलिग्रॅम आणि डीएचए १२०. बेरीज ३००. अभ्यासातली मात्रा गाठायला अशा २२ कॅप्सूल रोज लागतील. दिवसाला एक कॅप्सूल घेऊन “मला मासळीच्या तेलाने काही झालं नाही” म्हणणाऱ्यांनी खरं तर ते घेतलेलंच नसतं.

म्हणून मी २२ कॅप्सूल घ्या म्हणेन का? नाही. हृदयविकार किंवा त्याचा जास्त धोका असलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिवसाला ४ ग्रॅम मात्रेवर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा त्रास, थोडा जास्त आढळला. ती माणसं तुमच्यापेक्षा वयाने मोठी आणि आधीच हृदयाच्या जोखमीची होती, पण हे विसरून चालणार नाही. तुमच्या वयाच्या, हृदय ठीक असलेल्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या न घेणाऱ्या व्यक्तीला मी ईपीए आणि डीएचए मिळून दिवसाला २ ते ३ ग्रॅम सुचवते, जेवणाबरोबर, दोन वेळांत विभागून, १२ आठवडे. त्यासाठी जास्त तीव्रतेची कॅप्सूल घ्या, म्हणजे तीन-चारांत काम होतं. उपाशीपोटी घेतलं की मासळकट ढेकर येतात, जेवणानंतर ते बरंच कमी होतं. वॉरफरिन किंवा तशी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, पूर्वी ठोक्यांचा त्रास झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. कॉड लिव्हर ऑइल म्हणजे मासळीचं तेल असं समजून त्याच्या कॅप्सूल वाढवू नका. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, आणि ओमेगा-३ ची ही मात्रा गाठेपर्यंत अ जीवनसत्त्व घातक पातळीवर जाऊ शकतं. गरोदरपणात तर त्याने गर्भाला इजा होते. दुसरं, मासळी न घेणाऱ्यांसाठी शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात, त्यात डीएचए आणि काहींत ईपीएही असतं. जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल ही त्याची जागा नाही. जवसातलं ओमेगा-३ वेगळं असतं आणि शरीर त्यातलं फारच थोडं ईपीएत बदलतं.

जिंकोबद्दल लोक ठामपणे बोलतात, त्यामागे २००२ सालचा एक अभ्यास आहे. २२ रुग्ण, १० आठवडे. जिंको घेणाऱ्यांचे आठवड्याचे झटके ५६ टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा जाहिरातीत दिसतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा दिसत नाही : औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांचेही २७ टक्क्यांनी कमी झाले. पुढे कोरियात निफेडिपिन या बीपीच्या गोळीशी तुलना झाली तेव्हा निफेडिपिन सरस ठरलं, आणि २०१२ सालच्या अभ्यासात जिंको आणि औषध नसलेली गोळी यांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर ते घेऊ नये, फिट्सचा आजार असेल तर घेऊ नये, गरोदरपणात नको, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनला आधीच सांगावं. एवढं सांभाळून हाती काय येणार, हा हिशेब तुम्हीच करा. मी ते लिहून देत नाही.

नायसिनचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, कारण दुकानात एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. निकोटिनिक अ‍ॅसिड घेतलं की चेहरा, मान, छाती लालबुंद होते, आग होते. लोकांना वाटतं, रक्तपुरवठा वाढतोय, म्हणजे बोटांनाही मिळेल. पण ही लाली मुख्यतः चेहऱ्याला आणि धडाच्या वरच्या भागाला येते, त्वचेतल्या पेशींनी सोडलेल्या प्रोस्टाग्लॅन्डिन या वाहिन्या रुंदावणाऱ्या रसायनामुळे, आणि सवय झाली की ओसरते. मोठ्या मात्रेत यकृताला सूज, साखर वाढणं, युरिक अ‍ॅसिड वाढणं हे दुष्परिणाम होतात. दुसरी वस्तू नायसिनामाइड. त्याने लाली येत नाही, कारण ते वाहिन्या रुंदावतच नाही, म्हणजे आपल्या कामासाठी त्याचा उपयोग शून्य. तिसरी इनोसिटॉल निकोटिनेट. हिच्यावर मात्र रेनॉजमध्ये खरोखर अभ्यास झाले आहेत आणि ब्रिटनमध्ये ती रेनॉजसाठी औषध म्हणून वापरली गेली. दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत मात्रा, परिणाम दिसायला कित्येक आठवडे, आणि दिसला तरी माफक. ती घ्यायचीच असेल तर डॉक्टरांच्या नजरेखाली, यकृताच्या तपासण्या करत. बाटलीवर नुसतं “नो फ्लश नायसिन” लिहिलेलं असेल तर मागे घटक वाचा, कारण या नावाने दुसरी आणि तिसरी दोन्ही विकल्या जातात.

एल-आर्जिनिनमागचं तर्कशास्त्र कागदावर सुंदर आहे : शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि नायट्रिक ऑक्साइडने वाहिन्या सैल होतात. पण पेशीत आर्जिनिनचा तुटवडा मुळात नसतोच, त्यामुळे वरून घालून उत्पादन वाढेल असं नाही. १९९७ साली प्रायमरी रेनॉजच्या रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅम, महिनाभर देऊन पाहिलं. त्वचेतल्या रक्तप्रवाहाच्या प्रतिसादात फरक पडला नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना तर ते देऊच नये. २००६ साली प्रसिद्ध झालेला तसा एक अभ्यास आर्जिनिनच्या गटात मृत्यू जास्त झाल्याने मध्येच थांबवावा लागला होता.

बीटाच्या रसाबद्दलही विचारणा होते, कारण त्यातल्या नायट्रेटपासूनही नायट्रिक ऑक्साइड बनतं. २०१९ साली रेनॉजच्या २३ जणांवर अभ्यास झाला. दोन आठवडे रस घेतल्यावर अंगठ्यातला रक्तप्रवाह सुधारला, पण गंमत अशी की नायट्रेट काढून टाकलेल्या रसानेही तो सुधारला. याचा अर्थ लावायला आणखी काम हवं. निरुपद्रवी आहे, आवडत असेल तर प्या. मूतखडा होऊन गेला असेल तर जपून, त्यात ऑक्सॅलेट पुष्कळ असतं.

इव्हनिंग प्रिमरोज तेलाच्या १९८५ सालच्या छोट्या अभ्यासात रुग्णांना बरं वाटलं, झटके कमी झाले, पण बोटांचं तापमान काही बदललं नाही. व्हिटॅमिन सी आणि इतर अँटिऑक्सिडंट : रेनॉजसाठी पैसे घालवू नका.

मॅग्नेशियमबद्दल माझं मत थोडं मऊ आहे. ते कॅल्शियमच्या उलट काम करून स्नायू सैल करतं, म्हणून कल्पना पटते. पण तोंडावाटे घेतल्याने रेनॉजचे झटके कमी होतात हे दाखवणारा भक्कम अभ्यास नाही. पाय वळतात, बद्धकोष्ठ आहे अशा कारणांसाठी कुणी आधीच घेत असेल तर मी बंद करायला सांगत नाही. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी मात्र ते स्वतःहून घेऊ नये. शरीराबाहेर न पडलेलं मॅग्नेशियम धोकादायक ठरतं.

कमतरतेचं वेगळं बोलायला हवं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या माणसाला एकंदरीतच थंडी जास्त वाजते, हातपाय गार पडतात. लोह भरून निघालं की झटके पूर्ण थांबतात असं नाही, पण अंग गरम राहायला लागतं आणि तेवढ्याने त्रास हलका होतो. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. बी१२ कमी असेल तर मुंग्या येतात, बधिरपणा येतो. हे रेनॉज नव्हे, बोटं पांढरी पडत नाहीत, पण दोन्ही एकत्र असले की रुग्ण गोंधळतो आणि सगळं रेनॉजच्या नावावर जमा होतं. ड जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या ४२ रुग्णांवर २०१३ साली अभ्यास झाला. ती भरून काढल्यावर त्यांना त्रास कमी वाटला. त्यात महिन्याला सहा लाख युनिटची जंगी मात्रा दिली होती. त्याची नक्कल घरी करू नका, रिपोर्टप्रमाणे नेहमीची मात्रा पुरते. पातळी ठीक असेल तर जादा ड जीवनसत्त्वाने बोटांना काही मिळत नाही.

एक बारकी गोष्ट : केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या प्रमाणात असतं. ते थायरॉइडच्या चाचणीत गडबड करतं आणि रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. ती गोळी चालू असेल तर रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

आता जे टाळायचं ते. वजन कमी करण्याच्या आणि व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींमध्ये सिनेफ्रिन, योहिम्बिन, भरमसाट कॅफीन, काहींत एफेड्रासारखे घटक असतात. हे सगळे सिंपथेटिक मज्जासंस्थेला चेतवतात, म्हणजे ज्या यंत्रणेमुळे तुमची बोटं पांढरी पडतात तिलाच आणखी ढकलतात. जिममध्ये जायला लागल्यापासून रेनॉज वाढला असं कुणी सांगितलं की मी आधी डबा आणायला सांगते. निकोटिनचंही तेच, ते सिगारेटमधून येवो, तंबाखूतून किंवा च्युइंगगममधून.

रेनॉजमध्ये कुठल्याही गोष्टीने गुण आल्यासारखं वाटू शकतं, म्हणून हे लक्ष देऊन वाचा. हा आजार मुळातच चढउतारांचा आहे. माणूस कॅप्सूल सुरू करतो ती त्रास अगदी असह्य झाल्यावर, म्हणजे कडाक्याच्या थंडीत. तीन महिन्यांनी झटके कमी होतात, पण तोवर उन्हाळा लागलेला असतो. श्रेय कॅप्सूलला जातं, आणि ती पुढे वर्षानुवर्षं चालू राहते. वर सांगितलेला २७ टक्क्यांचा आकडा आठवा, औषध नसलेल्या गोळीने इतका फरक पडतो.

म्हणून मासळीचं तेल घेऊन बघायचंच असेल तर ते मोजून बघा. थंडी सुरू होताच दोन आठवडे काहीही न घेता नोंद ठेवा. एका वहीत रोज : किती झटके आले, कशाने आले, किती मिनिटं टिकले, किती बोटं, आणि दिवस संपताना एकंदर त्रासाला शून्य ते दहापैकी किती गुण. औषधांच्या अभ्यासांतही रुग्णांकडून असेच शून्य ते दहा गुण लिहून घेतात. शेजारी त्या दिवसाचं किमान तापमान लिहा. मग तेल सुरू करा. त्या १२ आठवड्यांत दुसरं कुठलंही सप्लिमेंट सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. शेवटी सारख्याच तापमानाचे दिवस शोधून आधीचे आणि नंतरचे आकडे समोरासमोर ठेवा. दहा-बारा अंशांच्या दिवशी पूर्वी चार झटके येत होते आणि आता दोन येतात, तर चालू ठेवायला हरकत नाही. फरक नसेल तर बंद करा, मनात काही न ठेवता.

या वहीचा आणखी एक फायदा होतो. एका तरुणीच्या वहीत जवळजवळ प्रत्येक झटक्यासमोर “फ्रीज उघडला”, “स्टिअरिंग धरलं”, “गार बाटली” असं लिहिलेलं होतं, आणि वेळ बहुतेक सकाळची. तिला कुठल्याही कॅप्सूलपेक्षा सकाळी फ्रीजपाशी टांगलेले जाड हातमोजे उपयोगी पडले. बोटांचे कप्पे नसलेले, चार बोटं एकत्र राहतील असे हातमोजे जास्त ऊब धरतात. आणि हातांपेक्षाही धड गरम ठेवणं महत्त्वाचं. छाती-पोटाला गारठा लागला की शरीर उष्णता वाचवायला बोटांचा पुरवठा आधी तोडतं, मग हातमोजे कितीही चांगले असोत. झटका आलाच तर कोमट पाण्यात हात धरा, काखेत घाला, किंवा हात खांद्यापासून गोल फिरवा. कढत पाणी आणि शेगडी नको, बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही.

शेवटी गोळ्यांचं. निफेडिपिन, अ‍ॅमलोडिपिन या कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गटातल्या गोळ्या रेनॉजसाठी पहिल्या पसंतीच्या आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, प्रायमरी रेनॉजच्या ३१३ रुग्णांवरच्या अभ्यासात निफेडिपिन घेणाऱ्यांना औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत ६६ टक्के कमी झटके आले. वर सांगितलेलं एकही सप्लिमेंट याच्या जवळपास पोचत नाही. “बीपीची गोळी” म्हटलं की लोक दचकतात, एकदा सुरू झाली की जन्माची, असं वाटतं. रेनॉजमध्ये तसं नसतं. कित्येक जण ती फक्त थंडीचे महिने घेतात आणि उन्हाळ्यात बंद करतात. पायाला सूज, डोकं दुखणं, चक्कर हे दुष्परिणाम होतात, म्हणून लहान मात्रेने, दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळीने सुरुवात करतात. मुळात रक्तदाब कमी असलेल्यांना विशेष जपावं लागतं. या गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूटचा रस नको, रक्तातली मात्रा वाढते. सेंट जॉन्स वर्ट हे मनाच्या उदासीसाठी विकलं जाणारं सप्लिमेंट उलट ती मात्रा घटवतं, म्हणून तेही नको. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर गोळी आणि सप्लिमेंट दोन्हींबद्दल आधी बोला.

तर टाळता येतील का? हातमोजे, गरम कपडे आणि चालत असेल तर मासळीचं तेल, एवढ्यावर तुमची कामं अडत नसतील, तर जरूर टाळा, प्रायमरी रेनॉजमध्ये त्याने काही बिघडत नाही. बटण लावता येत नाही, लिहिता येत नाही, थंडीच्या भीतीने बाहेर पडणं बंद झालंय, अशी वेळ आली असेल तर गोळी घ्या. आणि एखादं बोट ऊब देऊनही तासाभरात पूर्ववत झालं नाही, टोक काळं पडायला लागलं किंवा तिथे जखम झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.